पावसाळाभर उभ्या कॅम्परव्हॅनसाठी व्हिक्ट्रॉन ब्लू स्मार्ट आयपी ६५ (१२/१५) चार्जर

आधी निकाल सांगते. ज्यांची कॅम्परव्हॅन मृगापासून दसऱ्यापर्यंत शेडमध्ये उभी असते, आत पाण्याची लेड-ॲसिड किंवा एजीएम (लेड-ॲसिडचाच बंद, पाणी न घालायचा प्रकार) बॅटरी आहे आणि शेडपर्यंत लाईटची वायर आलेली आहे, त्यांनी हा चार्जर जरूर घ्यावा. साध्या ऑटोमॅटिक चार्जरच्या कितीतरी पट किंमत पडते आणि बेळगावात दुकानात जाऊन हातात घेऊन बघायला मिळेल याची खात्री नाही, मी तो मागवूनच घेतला. तरीही दोन एजीएम बॅटऱ्या नव्या घ्यायच्या म्हटल्यावर जो आकडा समोर येतो, त्यापुढे हा खर्च मला पूर्ण पटलाय. लिथियमवाल्यांनी मात्र घाई करू नये, त्यांचं गणित निराळं आहे आणि ते पुढे लिहिते.

आमची गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, केए-२२ पासिंग. आत झोपायला, रांधायला, फ्रिजला, पंख्याला मिळून दोन एजीएम बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), पॅरलल जोडलेल्या. इंजिनची बॅटरी वेगळी. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत एवढी गाडी महिनोन्‌महिने लावून ठेवता येत नाही, म्हणून पावसाळ्यात ती जांबोटीकडच्या शेतघरात, पत्र्याच्या शेडमध्ये असते. तिकडचा पाऊस खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच सांगते की जांबोटीच्या वर कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथून पुढे चोर्ला घाट उतरला की गोवा. आषाढ-श्रावणात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते तिथे. मी याच तालुक्यात मराठी हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे, त्यामुळे घरात कामाची वाटणी अशी की इंजिन आणि टायर ह्यांच्याकडे, वायरिंग आणि बॅटरी माझ्याकडे.

उद्यमबागेतले ज्यांच्याकडे मी गाडीचं इलेक्ट्रिकचं काम करून घेते, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अक्का, ही बॅटरी चालवून लवकर मरत न्हाई, नुसती ठिवून मरतीय बगा." त्यामागचं रसायनशास्त्र सरळ आहे. लेड-ॲसिड बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरतं. आठवडे-महिने तसंच राहिलं तर त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. स्थिर पडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.७ च्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली ती फार दिवस राहू द्यायची नाही, हे मी शेडच्या दारामागे खडूनं लिहूनच ठेवलंय.

पण गाडी बंद असताना बॅटरी उतरतेच कशी, हा प्रश्न मला येणारा-जाणारा हमखास विचारतो. दोन वाटांनी. एक, बॅटरी आपली आपण झिजते: एजीएम साधारण महिन्याला दोन-तीन टक्के, पाण्याची बॅटरी त्याहून जास्त, आणि उष्णता वाढली की दोन्हींचा वेग वाढतो. दुसरी वाट जास्त धोक्याची, ती म्हणजे गाडीत रात्रंदिवस जागी राहणारी बारीकसारीक यंत्रं. जीपीएस ट्रॅकर, स्टीरिओची मेमरी, गॅसगळतीचा अलार्म, यूएसबी सॉकेटवरचा तो निळा व्होल्टमीटर. मी मल्टीमीटर निगेटिव्ह वायरीत सिरीजमध्ये लावून मोजलं. दारं बंद करून अर्धा तास थांबले, कारण काही मॉड्यूल्स झोपायला वेळ घेतात. आकडा आला ६० मिलिअँपिअर.

ऐकायला काहीच नाही. आता हिशेब बघा. ०.०६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १.४४ अँपिअर-अवर. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे. त्यात बॅटरीची स्वतःची झीज चार महिन्यांची वीस-पंचवीस धरा. झाले २००. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या गच्च भरून शेडचं दार लावलं तरी दसऱ्याला त्या पार उतरलेल्या, आणि त्यातले निम्मे दिवस निम्म्याहून कमी चार्जवर काढलेले. वर्गात हेच गणित फळ्यावर घातलं असतं तर मुलांनी लगेच विचारलं असतं, "बाई, मग वायरच काढून का ठेवत नाही?" प्रश्न रास्त आहे. मेन कटऑफ स्विच मी बसवलेलाच आहे आणि तो प्रत्येकाने बसवावा, त्याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी काही नाही. पण ट्रॅकर आणि गॅस अलार्म मला चालू हवेत, ते स्विचच्या अलीकडून घेतलेत. शिवाय स्विच बंद केला तरी बॅटरीची आतली झीज थांबत नाही.

आता चार्जरकडे येते. कंपनी नेदरलँड्सची. निळा, हातात मावणारा, पूर्ण बंद डबा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा बसला तरी चालतो. आमच्या शेडमध्ये पत्र्याच्या सांध्यांतून वाऱ्याबरोबर तुषार आत येतात, त्यामुळे मला हेच मॉडेल हवं होतं. १२/१५ म्हणजे १२ व्होल्ट, १५ अँपिअर. सोबत फ्यूज असलेली केबल, तिला एका जोडीत चिमटे आणि दुसऱ्या जोडीत थिंबल, म्हणजे टर्मिनलवर कसायच्या कड्या. चिमटे मी पेटीत ठेवून दिले. थिंबलची केबल बॅटरीच्या टर्मिनलवर कायमची कसली, वर पेट्रोलियम जेली लावली आणि तिचं टोक मागच्या दाराजवळ काढलं. गाडी बाहेर काढायची तेव्हा एक प्लग ओढला की काम झालं.

ह्या चार्जरची खरी किंमत तो भरतो किती जोरात यात नाही, भरल्यावर मागे किती सरकतो यात आहे. नॉर्मल मोडमध्ये आधी पूर्ण करंटने भरतो, मग १४.४ व्होल्टवर धरून करंट हळूहळू कमी होऊ देतो, मग फ्लोटला, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती धरून ठेवायच्या पातळीला, १३.८ वर उतरतो. बहुतेक चार्जर इथेच मुक्काम करतात. हा काही काळ बॅटरीतून कुणी काही ओढत नाही असं बघून आणखी खाली, १३.२ वर येतो. त्याला ते स्टोरेज म्हणतात. दर आठवड्याला एकदा पुन्हा वर जाऊन बॅटरी ताजी करतो आणि परत १३.२ वर येऊन बसतो. महिनोन्‌महिने १३.८ वर ताणून धरलेल्या बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत राहते, पाणी थोडंथोडं उडत राहतं. एजीएम बंद बॅटरी, तिच्यात वरून पाणी घालायची सोय नाही, गेलं ते गेलं. म्हणून हा शेवटचा सहा दशांश व्होल्टचा उतार मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो. ह्या अवस्थेत तो झिरोच्या बल्बाहून कमी वीज खातो.

दुसरी कसोटी आमच्याकडच्या लाईटची. पावसात फांदी तारेवर पडली की लाईट गेली, कधी तासाने येते, कधी दुसऱ्या दिवशी. आली तरी व्होल्टेज पडलेलं. कागदावर ह्या चार्जरची इनपुट रेंज १८० ते २६५ व्होल्ट आहे आणि लाईट आली की तो कुणी बटण न दाबता आपणहून सुरू होतो, शेवटचा मोड लक्षात ठेवून. माझी शंका अशी होती की दिवसात चारदा लाईट गेली तर हा चारदा बॅटरीला १४.४ वर नेऊन शिजवणार की काय. तसं होत नाही. भरायला जितका वेळ लागला त्या मानाने तो वरच्या व्होल्टेजवर किती वेळ थांबायचं ते ठरवतो. बॅटरी भरलेलीच असेल तर थोडाच वेळ थांबून उतरतो. लाईट नसताना तो स्वतः बॅटरीतून १ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे महिन्याला ०.७ अँपिअर-अवर. काळजीचं कारण नाही.

हे मी नुसतं माहितीपत्रक वाचून लिहीत नाही. फोनवर ब्लूटूथने जोडलं की ॲपमध्ये मागच्या ४० चार्जिंगचा इतिहास उभ्या पट्ट्यांमध्ये दिसतो: किती वेळ कुठल्या अवस्थेत होता, किती अँपिअर-अवर गेले. इंटरनेट लागत नाही, जे जांबोटीला फार मोलाचं आहे. श्रावणात आम्ही शेतघरी गेलो तेव्हा शेडच्या उंबऱ्यावर बसून मी तो इतिहास वाचला. एकामागून एक बुटक्या पट्ट्या, लाईट गेल्याच्या आणि आल्याच्या. प्रत्येकीत वरच्या व्होल्टेजचा जरासा तुकडा आणि मग स्टोरेज. मधे एक उंच पट्टी होती, ती बराच काळ अंधार होता तेव्हाची. ट्रॅकरने आणि अलार्मने जे खाल्लं ते त्याने गुपचूप भरून काढलेलं. चार्जर काढून, गाडी काही तास तशीच ठेवून मीटर लावला तर दोन्ही बॅटऱ्या १२.८ च्या वर. मला मनापासून समाधान वाटलं. ह्या बॅटऱ्यांवर आमचा स्वयंपाक, आमची झोप आणि सासूबाईंच्या इन्सुलिनचा फ्रिज चालतो. त्या धड राहाव्यात ही माझ्या दृष्टीने हौसेची गोष्ट नाही.

मोड निवडताना बॅटरीच्या अंगावरचं बारीक अक्षर वाचा. माझ्या बॅटरीवर दोन ओळी आहेत: सायकल वापर (उतरवून पुन्हा भरणं) १४.४ ते १४.७, स्टँडबाय (नुसती भरलेली धरून ठेवणं) १३.५ ते १३.८. त्यात नॉर्मल मोड बरोबर बसतो. ह्या चार्जरमध्ये १४.७ चा हाय मोडही आहे, पण बॅटरीच्या कंपनीने सांगितलं असेल तरच तो लावायचा. रिकंडिशनचं (फार उतरलेली बॅटरी सावरायचं) बटण बंद एजीएमला मी लावणार नाही, त्यात व्होल्टेज बरंच वर जातं. चार्जर बॅटरीच्या जवळ, त्याच हवेत ठेवा, कारण तो तापमान बघून व्होल्टेज थोडं वर-खाली करतो. भरताना तो गरम होतो, म्हणून गादीखाली किंवा कपड्यांच्या कप्प्यात अजिबात नको.

कमतरताही सांगायला हव्यात. आउटपुट एकच आहे. त्यामुळे इंजिनच्या बॅटरीची सोय वेगळी करावी लागते. ह्याच कंपनीचं तीन आउटपुटचं मॉडेल मिळतं, पण ते आयपी २२, ओल्या शेडमध्ये मी ठेवणार नाही. डब्यावर दिवे आहेत, आकडे नाहीत, व्होल्टेज बघायला फोन लागतोच. ब्लूटूथ असल्याने बेळगावात बसून जांबोटीची बॅटरी दिसत नाही. त्यासाठी शेजारच्या गड्याला मी सांगून ठेवलंय, "दादा, आठवड्यातनं एकदा निळा दिवा बघत जावा." आणि २०० अँपिअर-अवरला १५ अँपिअर म्हणजे सावकाश काम: निम्म्या बॅटऱ्या भरायला सात तास आणि वरचे शेवटचे टक्के भरायला आणखी काही तास. उभ्या गाडीला हे उत्तम. रात्री कॅम्पिंगला थांबून सकाळी निघायचं असेल तर अपुरं.

आमच्या भागात लोक दुसरे जे उपाय करतात त्यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदा इंजिन दहा मिनिटं चालू ठेवणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, आणि सगळ्यात निरुपयोगी. बॅटरीचे वरचे वीस टक्के भरायला तास लागतात, मिनिटं नाहीत. त्यात डिझेल गाडी थंडच बंद होते, सायलेन्सरमध्ये ओल साचते, आणि नव्या बीएस-६ गाड्यांत नुसत्या आयडलिंगने धुराच्या फिल्टरमध्ये काजळी भरत जाते. गाडी चालवायचीच असेल तर नीट खानापूरपर्यंत जाऊन या. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर रात्रभर लावून ठेवणं एजीएमला घातक, तो कुठे थांबायचं ते जाणत नाही.

घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत ठेवा, असं सुचवणारे बरेच भेटतात, कारण ती बेळगावात कुठेही मिळते आणि टिकतेही. टिकते हे खरं. पण ती उंच, जड, हिंदकळणारी. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन साठला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. जिथे आपण दारं-खिडक्या लावून झोपतो आणि पलीकडे गॅसची शेगडी आहे, तिथे बाहेर हवा काढणारी नळी असलेल्या बंद पेटीशिवाय ती ठेवू नका. हे मी कळकळीने सांगते.

सोलरचं मात्र जागेवर अवलंबून आहे. आमच्याच जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिकोडीकडे गाडी उघड्यावर उभी असेल तर छतावरचं १०० वॉटचं पॅनल आणि चांगला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) एवढ्यावर बॅटरी बाराही महिने भरलेली राहील, चार्जर घ्यायची गरजच नाही. तिकडे काळजी उन्हाची करावी. बॅटरीच्या तापमानात १० अंशांची कायमची वाढ झाली की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, म्हणून पॅनल उन्हात पण बॅटरी सावलीत, हवेशीर. खानापूरच्या पश्चिमेला उलटं. दाट ढगात पॅनल स्वच्छ उन्हाच्या दहा-वीस टक्केच देतं, आणि शेडमध्ये तेवढंही नाही. शेडच्या पत्र्यावर पॅनल बसवून वायर आत आणता येते, पण वादळात पत्राच उडतो तिथे मी ते केलं नाही.

आता लिथियम. चंदगडच्या एका भावजींनी गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट बसवलीय आणि माझं ऐकून हाच चार्जर घ्यायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. लेड-ॲसिडला भरलेलं राहायला आवडतं, लिथियमला नाही. ती महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर ठेवणं तिच्या आयुष्याला बाधक. पन्नास-साठ टक्क्यांवर आणायची, मेन स्विच बंद करायचा, चार्जरही काढायचा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचं, कारण आतलं बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) थोडं खातच असतं. ते बघणंही व्होल्टमीटरने होत नाही. तिचं व्होल्टेज बराच काळ १३ च्या वर जवळजवळ सपाट असतं आणि मग एकदम ढासळतं. टक्केवारी कळायला शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, लागतो. ह्या चार्जरमध्ये लिथियमचा मोड आहे, १४.२ व्होल्टचा, तो प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी भरायला चांगला. कायम लावून ठेवायला नाही. आणि हिमालयात जाणार असाल तर शून्य अंशाच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही, चार्जर कितीही चांगला असो.

जोडणीबद्दल तीन गोष्टी, कारण ओल्या शेडमध्ये जीव जाऊ शकतो. बोर्डाला अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवा. प्लग आपल्या बोर्डात घट्ट बसतो का ते घेण्याआधीच विचारा. ढिल्या ॲडॅप्टरवर चार महिने काही चालवू नये, तो जळतो. वायर जमिनीवरून नेऊ नका, आमच्याकडे घुशी आहेत, मी ती पीव्हीसी पाइपातून वरून आणलीय. वैशाखात वळीव आणि विजा सुरू झाल्या की गडगडाट ऐकताच प्लग काढायचा, हे मात्र माणसानेच करायचं.

कुठलं मॉडेल घ्यावं? एकच १०० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर १२/७ किंवा १२/१० पुरेसा, जास्तीचे पैसे देऊ नका. दोन असतील तर १२/१५. इंजिनच्या बॅटरीसाठी मी ह्याच मालिकेतला छोटा १२/५ मागवलाय, तो खंडेनवमीच्या आत येऊन बसावा असा विचार आहे.